फॉर्म्युल्याला लाल दिसत नाही

दिवाळी अंकासाठी फोन आला तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा बाई. वाचकांना हलकंफुलकं आवडतं." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडले. एकवीस वर्षं मी मच्छे गावच्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं रेकॉर्ड सांभाळलं. गमती झाल्या नाहीत असं नाही. पण आठवायला बसलं की एकच गोष्ट उसळून वर येते आणि ती आली की बाकीच्यांना बसायला जागा उरत नाही. तेव्हा तीच लिहिते. तिच्यात माझंही कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी खासबागेतली, विणकरांच्या वस्तीतली. घरात दोन माग होते. दिवसभर त्यांचा खडखडाट कानात असायचा, त्यामुळे फाउंड्रीच्या आवाजाला मी कधी घाबरले नाही. कॉलेज झालं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि ओळखीनं नोकरी लागली. सुरुवातीला मला ऑफिसात बसवलं होतं. पण वह्यांतलं क्वालिटीचं रेकॉर्ड कॉम्प्युटरच्या शीटवर घ्यायचं ठरलं, तशी माझी बदली आत, इन्स्पेक्शनच्या काचेच्या खोलीत झाली. तिथं मी एकटीच बाई. पहिलं वर्षभर तिथले लोक माझ्याशी बोलताना छताकडं बघायचे. नंतर सवय झाली. त्यांनाही, मलाही.

बाहेरच्या माणसाला कामाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगते. भट्टीत लोखंड वितळवतात, साच्यात ओततात, गार झालं की फोडून काढतात. एका वेळी भट्टीतून जेवढं लोखंड निघतं, त्याला एक नंबर देतात. त्याला आम्ही हीट म्हणतो. त्या हीटमधून जेवढे नग निघतील, त्या प्रत्येकावर हीटचा नंबर आणि खाली स्वतःचा नंबर ठोकलेला असतो. आमच्याकडं मुख्य काम ट्रेलरच्या हबचं. ट्रॅक्टरच्या मागं उसाचा ट्रेलर असतो, त्याचं चाक ज्या लोखंडी डोक्यावर बसतं, तो हब. निपाणीकडच्या रस्त्यावर हंगामात तुम्ही उसाचे ट्रेलर बघितले असतील. चाकं दिसत नाहीत इतका ऊस भरलेला असतो. तो सगळा भार हबच्या गळ्यावर येतो. गळ्यात केसाएवढी भेग असली तरी चाक कधी निघेल ते सांगता येत नाही.

ती भेग शोधायचं काम भरमाण्णाचं. भरमाण्णा खानापूरकडच्या खेड्यातला. घरी भातशेती होती, ती भावावर सोपवून हा रोज मोटरसायकलनं कामाला यायचा. शिक्षण दहावी. पण हाताला आणि नजरेला असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो हबच्या गळ्याला लाल औषध लावायचा, थोड्या वेळानं पुसून काढायचा आणि वरून पांढरी पावडर फवारायचा. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं लाल औषध पावडरीवर उमटायचं. बारीक लाल रेघ. ती दिसली की तो हबवर खडूनं मोठी फुली मारायचा आणि इंटरकॉमवर मला सांगायचा, "आक्का, लिवा. सतरा नंबर. गळ्यात भेग."

मी शीटवर लिहायचे. एका हबला एक ओळ. शेवटच्या रकान्यात निकाल, 'पास' किंवा 'नापास'. वरती एक फॉर्म्युला, तो 'पास' किती आणि 'नापास' किती ते मोजायचा. साधं, सरळ, कंटाळवाणं. सात-आठ वर्षं त्यात एक चूक झाली नाही. कंटाळवाणं काम नीट चालतं, पण त्याचं कुणी कौतुक करत नाही, हीच त्याची अडचण.

मग सामंतसाहेब मॅनेजर म्हणून आले.

माणूस शिकलेला, बोलायला गोड, शर्टाला कधी डाग नाही. कुठल्याशा ट्रेनिंगमधून आले होते आणि येताना रंगांचं वेड घेऊन आले होते. पहिल्याच आठवड्यात माझी शीट बघून म्हणाले, "हे काय, किराणा दुकानाची यादी आहे का? हा निकालाचा कॉलम काढून टाका. नंबराचा सेलच रंगवा. पास तो हिरवा, नापास तो लाल. एका नजरेत चित्र दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, रंग पण देते आणि कॉलम पण राहू दे."

"एकच गोष्ट दोनदा कशाला?"

"कारण फॉर्म्युल्याला रंग दिसत नाही."

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

हे मी तुम्हालाही समजावून सांगते, कारण आजही मला शाळांत, दवाखान्यांत, पतसंस्थांत जिकडं तिकडं रंगीत शीटा दिसतात आणि माझं डोकं तापतं. शीटमधला एक चौकोन म्हणजे सेल. त्यात तुम्ही जे लिहिता, ते त्याचं पोट. रंग म्हणजे वरचा कपडा. मोजणारा फॉर्म्युला फक्त पोटात काय आहे ते बघतो. 'नापास' लिहिलेले मोज म्हटलं तर क्षणात मोजेल. लाल असलेले मोज म्हटलं तर त्याला लाल म्हणजे काय तेच ठाऊक नसतं. रंगावर चाळणी लावून हातानं मोजता येतं. ती सोय आहे. पण आपोआप, सतत मोजत राहणारा तयार फॉर्म्युला नाही.

सामंतसाहेबांना 'नाही' हा शब्द आवडत नसे. त्यांनी बाहेरून एक कॉम्प्युटरवाला आणला. त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहून शीटला जोडला. तो रंग बघायचा आणि हिरवे किती, लाल किती ते सांगायचा. साहेब खूश. डिस्पॅचच्या खोलीत, जिथून माल गाडीत भरला जातो तिथं, भिंतीवर मोठा पडदा लावला. हीट नंबर, हिरवे इतके, लाल इतके. पाहुणे आले की त्यांना आधी तो पडदा दाखवायचे.

दुसऱ्याच महिन्यात एका पूर्ण हीटचा एकही हब हिरवा नाही, असं पडद्यावर आलं. धावपळ झाली. कारण काय, तर मी रजेवर असताना दुसऱ्यानं रंगांच्या तक्त्यातल्या शेजारच्या डब्यातला हिरवा निवडला होता. माणसाच्या डोळ्याला दोन्ही हिरवे सारखेच. प्रोग्रॅमला मात्र एक हिरवा तो हिरवा आणि दुसरा कोण कुठला. त्या दिवशी सगळे हसले. मीही हसले. हसायला नको होतं.

खरी खोट वेगळीच होती आणि ती मला तिसऱ्या महिन्यात कळली. कुठल्याही सेलमध्ये काही लिहिलं की शीट जागी होते आणि पुन्हा मोजते. पण रंग बदलणं म्हणजे लिहिणं नव्हे. हिरवा सेल लाल केला, तरी शीटच्या मते काहीच घडलेलं नसतं. वरचा आकडा जुनाच राहतो. तीन बटणं एकदम दाबून तिला गदागदा हलवून उठवावं लागतं, तेव्हा आकडा बदलतो. तोही फक्त माझ्या कॉम्प्युटरवर. डिस्पॅचच्या पडद्यावर सकाळी उघडलेली शीट दिवसभर तशीच. ती बंद करून पुन्हा उघडेपर्यंत तिथं सकाळचंच जग.

मी साहेबांना लेखी दिलं. त्यांनी तो कागद वाचला, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही जुन्या लोकांना प्रत्येक नव्या गोष्टीत खोट दिसते."

मग मी एक चोरटं काम केलं. शीटमध्ये अगदी उजवीकडं, जिथं कुणी जात नाही, तिथं माझा जुना निकालाचा कॉलम पुन्हा केला आणि लपवून ठेवला. रोज रंग द्यायचे आणि गुपचूप तिकडं 'पास', 'नापास' आणि कारणही लिहायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. साहेबांचं चित्र पुढं, माझं खरं मागं. आज वाटतं, खरं लपवून ठेवून मी कुणावर उपकार करत होते?

आता बोरगावचे आप्पा. बोरगावात त्यांचं ट्रेलर बांधायचं वर्कशॉप. साठी ओलांडलेले, डोक्याला पांढरी टोपी, खिशात कायम एक छोटी हातोडी. आमचं सर्वांत जुनं आणि सर्वांत छळवादी गिऱ्हाईक. हब न्यायला स्वतः यायचे, प्रत्येक हब दोरीला टांगायला लावायचे, हातोडीनं ठोकायचे आणि कान लावायचे. धड लोखंड घंटेसारखं वाजतं. भेगेचं लोखंड बद्द. एकदा भरमाण्णानं पास केलेला एक हब त्यांनी बाजूला काढला. भरमाण्णानं पुन्हा औषध लावलं, तर खरंच आत खाली भेग. भरमाण्णानं त्यांच्यासमोर कान पकडले. आप्पा म्हणाले, "कान पकडू नगं रं, कान उघडं ठेव." त्या दिवसापासून दोघांची दोस्ती जमली.

सामंतसाहेबांना ही हातोडी बघवत नसे. पाहुण्यांसमोर एक म्हातारा टोपी घालून लोखंड वाजवत बसलाय, हे त्यांच्या चित्रात बसत नव्हतं. त्यांनी आप्पांना सांगितलं, "आप्पा, आता तुम्ही यायची गरज नाही. प्रत्येक मालाबरोबर आम्ही रंगीत रिपोर्ट पाठवू. सगळं हिरवं दिसलं की डोळे मिटून बसवा." आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. साहेबांसमोर काय बोलणार होते? त्यांना वाटलं असेल, बाई गप्प आहे म्हणजे बरोबरच असेल.

हंगाम सुरू झाला होता. साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून धूर निघायला लागला की आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसायची. नापास माल ठेवायचा पिंजरा तुडुंब भरलेला, त्यामुळं फुली मारलेले हब चांगल्या हबांच्या शेजारीच पडायचे. त्या दिवशी आप्पांच्या गाडीला अठ्ठेचाळीस हब द्यायचे होते. सगळे एका हीटचे. सकाळी नजरेनं तपासून ते हिरवे झाले होते. दुपारी जेवणाआधी भरमाण्णाचा इंटरकॉम वाजला. आवाज नेहमीसारखा नव्हता.

"आक्का, ह्या हीटचं काय खरं न्हाई. लिवा. तीन, सात, आठ, बारा..."

एकूण अकरा. सगळ्यांच्या गळ्यात भेग. मी अकरा सेल लाल केले. लपवलेल्या कॉलममध्ये अकरा वेळा लिहिलं, 'नापास, गळ्यात भेग.' तीन बटणं दाबली. माझ्या पडद्यावर सदतीस हिरवे, अकरा लाल. मग डिस्पॅचच्या रफीकला फोन लावला.

"रफीकभाई, आप्पांच्या मालातले अकरा बाजूला काढा."

"इथं तर अठ्ठेचाळीस हिरवे दिसतायत, आक्का."

"पडदा सकाळचा आहे. शीट बंद करून परत उघडा. आणि फुल्या बघा ना."

"फुल्या कुठल्या? सगळ्यांना प्रायमरचा हात मारून झालाय."

मी खुर्चीतून उठलेच. साहेबांनी घाई करून, निकाल शीटवर यायच्या आधीच, भरमाण्णाच्या हातातून सुटेल तसा माल रंगवणाऱ्यांना दिला होता. राखाडी प्रायमरखाली खडूच्या अकराच्या अकरा फुल्या बुडाल्या होत्या. आता नंबर वाचायचे तर प्रत्येक हब खरवडायला हवा होता. तासाभराचं काम.

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

"पडद्यावर किती?"

"तो पडदा चुकीचा आहे साहेब, मी लेखी दिलं होतं."

"तुमच्याकडं एक आकडा, डिस्पॅचला दुसरा आकडा. मी कुठला खरा मानू?"

"भरमाण्णाला विचारा."

"भरमाण्णाला जिथं तिथं भेग दिसते. गाडी किती वेळ उभी आहे माहीत आहे? माल जाऊ द्या. काही असलं तर मी बघतो."

काचेतून मी गाडी फाटकाबाहेर जाताना बघितली. भरमाण्णा दारात उभा होता. हातात पुसायचं फडकं. तो म्हणाला, "आक्का, आपुन सांगितलं न्हवं?" मी म्हटलं, "सांगितलं." "मग झालं," असं तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

आता माझ्या लाजेची गोष्ट. आप्पांचा नंबर माझ्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर होता. त्या दिवशी मी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केला नाही. मी स्वतःला समजावलं की साहेब बघतो म्हणाले आहेत, बघतील. मग समजावलं की आप्पा हातोडी मारणारच, बद्द वाजला की बाजूला काढतील. मग समजावलं की माझी नोकरी आहे, घर माझ्यावर आहे. असे दहा दिवस गेले. मनाची समजूत काढण्यात बाई किती हुशार असते, ते मला त्या दहा दिवसांत कळलं.

अकराव्या दिवशी आप्पा आले. टोपी हातात, केस विस्कटलेले. बरोबरच्या माणसाच्या खांद्यावर पोतं. ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरले आणि पोतं टेबलावर उपडं केलं. टेबलाची काच तडकली. आत हबचे दोन तुकडे होते. गळ्यात मोडलेला. मोडलेल्या तोंडावर अर्धा भाग जुना काळपट, म्हणजे भेग आधीचीच, आणि अर्धा ताजा, चकचकीत.

"वाच नंबर," आप्पा ओरडले. "वाच की! ट्रेलर उलटा झाला माझा. ड्रायव्हर सिद्धू ट्रॅक्टर थांबवून चाक बघाय उतरलाता, त्येच्या पायावर ऊस आन् लोखंड. पाय कापला डॉक्टरनं. ऐकाय येतंय का?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, पण तोंड चालू होतं. "आप्पा, शांत व्हा. जादा भरला असेल. आणि तुम्ही नेहमी वाजवून घेता ना?"

आप्पा एकदम हळू आवाजात बोलले. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुमचा हिरवा कागद आलता. म्हणून हातोडी मारली न्हाई."

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. थोरले मालक स्वतः आले. त्यांच्या केबिनमध्ये सामंतसाहेब, भरमाण्णा आणि मी. साहेबांनी त्या दिवशीच्या शीटचा छापील कागद पुढं ठेवला. अठ्ठेचाळीस हिरवे, लाल शून्य. म्हणाले, "इन्स्पेक्टरनं सगळा माल पास केलेला आहे. औषध लावून बघण्यात हयगय झाली. याच्याकडून राजीनामा घ्यावा असं माझं मत आहे."

भरमाण्णा उभाच होता. त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मालक, मी अकरा नापास केलते. आक्कांस्नी इचारा."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "कॉम्प्युटर इकडं आणायला सांगा."

शीट उघडली. अकराच्या अकरा सेल हिरवे होते. कुणीतरी त्यांना नंतर हिरवं केलं होतं. आणि रंगाचा हाच खोटेपणा आहे. तो कुणी दिला, कधी दिला, आधी कुठला होता, याची तो कुठंही खूण सोडत नाही. सामंतसाहेब खिडकीबाहेर बघत होते. भरमाण्णा माझ्याकडं बघत होता. त्या क्षणी मला राग आला. तोवरच्या नोकरीत मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला.

"साहेब, तुम्हाला फक्त कपडा बदलता आला," मी म्हटलं आणि उजवीकडचा लपवलेला कॉलम उघडला.

'नापास, गळ्यात भेग.' अकरा ओळी. पुढं अकरा नंबर. आप्पांच्या पोत्यातल्या हबचा नंबर त्यात सातव्या ओळीत.

मालकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. साहेब म्हणाले, "हा कॉलम यांनी काल रात्रीसुद्धा लिहिलेला असू शकतो."

"असू शकतो," मी म्हटलं. "मग मी आत्ता दहा नंबर सांगते. ते हब कापून बघा. एक जरी धड निघाला तरी भरमाण्णाबरोबर माझाही राजीनामा घ्या."

आणि बोलता बोलता मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. मी विचारलं, "ते उरलेले दहा हब आत्ता कुठं आहेत?"

कुणालाच हा प्रश्न पडला नव्हता. कोण दोषी, कुणाचा कागद खरा, यावर तासभर खल झाला होता, आणि दहा फुटके हब उसाच्या ट्रेलरखाली रस्त्यानं फिरत होते.

मालक म्हणाले, "आधी आपण आपापसात ठरवू. असं एकदम बाहेर बोलायचं नाही. हंगाम आहे, नाव जाईल. वकिलांना विचारून..."

मी त्यांच्या टेबलावरचा फोन उचलला. त्यांच्यासमोर. आप्पांचा नंबर मला पाठ झाला होता, दहा दिवस तो बघून बघून.

"आप्पा, मच्छ्याची फाउंड्रीवाली बोलतेय. लिहून घ्या. ट्रेलर असतील तिथं थांबवा. प्रायमर खरवडून नंबर बघा. तीन, सात, आठ, बारा..."

मालक "फोन ठेवा" म्हणाले. मी ठेवला नाही. भरमाण्णा दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी कुणी आत येऊ शकलं नसतं आणि बाहेर जाऊही शकलं नसतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून दहाच्या दहा सापडले. एक बोरगावच्या वर्कशॉपमध्ये अजून जमिनीवरच होता. बाकीचे ट्रेलर आप्पांच्या माणसांनी मोटरसायकलींवर फिरून गाठले. एक तर कारखान्याच्या फाटकासमोर रांगेत, पूर्ण भरलेला. तिथंच ऊस उतरवला. आप्पांनी दहाही हब परत पाठवले. प्रत्येकावर हातोडीचा एक घाव होता. भरमाण्णानं एकेक मधोमध कापून मालकांच्या टेबलावर ओळीनं मांडला. धड एकही नव्हता.

भरमाण्णाची नोकरी राहिली. निकालाचा कॉलम परत आला, अगदी डावीकडं, पहिलाच. भिंतीवरचा पडदा उतरला. सामंतसाहेबांचं काय झालं, असं मला अजून लोक विचारतात. काही झालं नाही. मालकांच्या दुसऱ्या युनिटला बदली झाली. तिथली केबिन इथल्यापेक्षा मोठी आहे, असं ऐकलं. त्यांनी मला जाताना "ऑल द बेस्ट" म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. देण्यासारखं जे होतं, ते खासबागेत बायका नळावर एकमेकींना देतात आणि ते इथं छापता येत नाही.

मलाही कुणी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. उलट लोक मला शूर म्हणायला लागले. फाउंड्रीत चहाच्या वेळी गोष्ट रंगवून सांगायचे, आक्कांनी मालकाचा फोन कसा उचलला. त्यांची गोष्ट फोनापासून सुरू व्हायची. त्याआधीचे दहा दिवस कुणाच्याच गोष्टीत नसायचे. मी एकदोनदा सांगायचा प्रयत्न केला. "जाऊ दे हो आक्का, तुमचा काय दोष," म्हणून त्यांनी तेही बाजूला सारलं.

हंगाम संपल्यावर मी सिद्धूला भेटायला गेले. आप्पांनी पत्ता दिला, पण बरोबर आले नाहीत. बोरगावच्या पुढं एका वस्तीवर घर. तिशीतला माणूस. बाजेवर बसला होता, एक लुंगी, गुडघ्याखाली एका बाजूला सपाट. मी कोण ते सांगितलं. त्यानं बायकोला हाक मारून मला बसायला पाट द्यायला सांगितला. ती पाट ठेवून चौकटीत उभी राहिली.

मी सगळं सांगितलं. शीट, रंग, पडदा, प्रायमर. तो शांतपणे ऐकत होता. त्याला त्यातलं किती कळलं मला माहीत नाही. माझं बोलून झालं तसं त्यानं एकच विचारलं.

"म्हंजे गाडी भाईर पडली तवा तुमास्नी ठावं व्हतं?"

"होय."

"आप्पांचा नंबर व्हता न्हवं?"

"होता."

"मग?"

मी साहेबांचं नाव सांगू शकले असते. नोकरीचं सांगू शकले असते. हातोडीचं सांगू शकले असते. त्या दहा दिवसांत मी स्वतःला जे जे सांगितलं होतं, ते सगळं तोंडात आलं आणि त्या बाजेसमोर एकही शब्द उभा राहिला नाही. मी म्हटलं, "भ्याले."

त्यानं मान भिंतीकडं वळवली. मी उठले. त्याची बायको अंगणाच्या टोकापर्यंत माझ्याबरोबर आली. मला वाटलं, रीत म्हणून येतेय. टोकाशी ती थांबली, पदर सावरला आणि आवाज न चढवता म्हणाली,

"पुन्यांदा येऊ नगासा."

मी गेले नाही.